सनावळीबाहेरचे साक्षीदार: येडशी, तेर आणि निसर्गाच्या नोंदी

१/
येडशी हे नाव अनेकांना केवळ फाट्यामुळे ठाऊक असते. सोलापूर–धुळे महामार्ग आणि लातूर–बार्शी रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, ते हे गाव. पण फाटा सोडून रामलिंगाच्या दरीत उतरले की बालाघाटाचे पानझडी रान सुरू होते. जटायूची कथा सांगणारे देऊळ, पावसाळ्यात फुगणारा ओढा, माकडे, मोर आणि काळा बसाल्ट. इतिहासाच्या पुस्तकात मात्र या रानाला जागा नाही. इथे कोणत्याही राजाने कोरून ठेवलेली लढाईची तारीख कोणी दाखवत नाही.

२/
या घाटमाथ्याच्या पूर्वेला, सरळ रेषेत वीस किलोमीटरच्याही आत, तेर आहे. बालाघाटात तेरखेड्याच्या बाजूला उगम पावणारी तेरणा या गावाजवळून वाहते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या अंतरावर असलेल्या ‘तगर’ या मोठ्या बाजारपेठेचा उल्लेख येतो. तिथले कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असे. टॉलेमीलाही हे नाव माहीत होते. हे तगर म्हणजेच आजचे तेर, ही ओळख विसाव्या शतकाच्या आरंभी जे. एफ. फ्लीट यांनी मांडली.

३/
म्हणजे एका बाजूला ग्रंथांत नोंदलेले नगर आणि दुसऱ्या बाजूला नोंदीविना उभे असलेले रान. इतिहासाचा विद्यार्थी साहजिकच नगराकडे वळतो. नाणी, शिलालेख, ताम्रपट, प्रवासवर्णने ही त्याची ओळखीची साधने. पण या साधनांची एक मर्यादा आहे. ज्याला लिहायचे होते, त्यानेच ती लिहिली. दानपत्रात गावाच्या सीमा येतात, दान घेणाऱ्याचे गोत्र येते, करमाफी येते. ज्या वर्षी पाऊसच पडला नाही किंवा ज्या रात्री जमीन हलली, त्याची नोंद ठेवण्याचे काम ताम्रपटाचे नव्हते.

४/
ही उणीव केवळ विद्वानांच्या वादाची नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झाले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा परिसर हादरला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे दगडमातीखाली गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. त्या दिवशी देशाच्या अधिकृत नकाशात हा प्रदेश भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता. दख्खनचे पठार स्थिर आहे, ते हलत नाही, असाच सर्वसाधारण समज होता.

५/
हा समज कशावर आधारलेला होता? मुख्यतः लेखी आठवणीवर. माणसांच्या कागदांत या भागातल्या मोठ्या भूकंपाची ठळक नोंद नव्हती, म्हणून भूकंप नव्हता असे धरले गेले. कागद गप्प राहिला की घटना घडलीच नाही, ही इतिहासलेखनातील सर्वांत महागडी चूक आहे. ती टाळायची तर सनावळीबाहेरच्या साक्षीदारांकडे जावे लागते: झाडाकडे, गुहेकडे, तळ्याच्या गाळाकडे आणि नदीच्या दरडीकडे. या प्रत्येकाची लिपी वेगळी आहे. ती क्रमाने पाहू.

६/
पहिला साक्षीदार झाड. पावसाळा आणि कोरडा हंगाम यांत स्पष्ट फरक असलेल्या प्रदेशात काही वृक्ष दरवर्षी वाढीचे एक वर्तुळ पूर्ण करतात. सागवान हे त्याचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण. पानगळीनंतर नवी वाढ सुरू होते तेव्हा खोडात मोठ्या, डोळ्यांनीही दिसणाऱ्या नलिकांची रांग तयार होते. पुढे हंगाम सरत जाईल तसे लाकूड दाट होत जाते. मग पुन्हा पानगळ. पाणी मुबलक मिळाले तर वर्तुळ रुंद, दुष्काळ पडला तर अरुंद. खोड हे अशा रीतीने पावसाचे रोजकीर्द बनते.

७/
इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गावातला सर्वांत जुना वड सर्वांत जास्त इतिहास सांगेल असे वाटते, पण तसे नसते. वड, पिंपळ, आंबा यांच्या खोडात वार्षिक वर्तुळे सागवानासारखी स्वच्छ उमटत नाहीत. पारावरच्या आजोबा-वडाचे वय म्हणूनच बहुधा अंदाजाने सांगितले जाते. आकार आणि स्मरणशक्ती या वेगळ्या गोष्टी आहेत. बारीकसा साग जे नेमके सांगेल, ते प्रचंड वडाला सांगता येणार नाही.

८/
दुसरा गैरसमज असा की वर्तुळे मोजली की काम संपले. एकट्या खोडावर विश्वास ठेवता येत नाही. एखाद्या वर्षी वर्तुळ उमटतच नाही. एखाद्या वर्षी अवकाळी पावसाने खोटे वर्तुळ तयार होते. म्हणून एकाच परिसरातील अनेक झाडांचे नमुने घेतात आणि त्यांतील रुंद-अरुंद वर्तुळांचा क्रम परस्परांशी ताडून पाहतात. एकाच बखरीच्या अनेक प्रती समोर ठेवून मूळ पाठ ठरवावा, तसे हे काम असते. एका प्रतीत गळलेली ओळ दुसरीत सापडते.

९/
ही पद्धत शास्त्र म्हणून रुजवली अमेरिकेतील ए. ई. डग्लस यांनी. ते मूळचे खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरील डागांच्या चक्राचा हवामानावर होणारा परिणाम त्यांना झाडांत शोधायचा होता. त्यातून नैर्ऋत्य अमेरिकेतील प्राचीन वसाहतींच्या तुळयांकडे ते वळले. त्यांच्याजवळ दोन मालिका होत्या. एक जिवंत झाडांपासून मागे जाणारी, वर्षवार पक्की. दुसरी जुन्या तुळयांतून जुळवलेली, ५८५ वर्षांची, पण अधांतरी. ती नेमकी कोणत्या शतकांत बसवायची, हे कळत नव्हते.

१०/
जून १९२९ मध्ये शो लो या गावी उत्खननात एक जळकी तुळई मिळाली. तिच्या वर्तुळांनी दोन्ही मालिकांमधला सांधा जुळवला आणि ती अधांतरी मालिका एका रात्रीत सनावळीवर येऊन बसली. प्वेब्लो बोनितोसारख्या वास्तूंच्या तुळया कोणत्या वर्षी तोडल्या गेल्या, हे त्यानंतर सांगता येऊ लागले. जळके लाकूड म्हणून कोणीही बाजूला टाकले असते, असा तो तुकडा. पुराव्याचे मोल त्याच्या देखणेपणावर ठरत नाही.

११/
मग मराठी मुलुखात असे का झाले नाही? प्रयत्न झाले आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी १९८० च्या दशकातच ठाणे भागातील सागाची वर्तुळे आणि तिथला पाऊस यांचा संबंध तपासला. पुढे त्याच संस्थेच्या एच. पी. बोरगावकर व सहकाऱ्यांनी केरळमधील सागांपासून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका उभी केली. एल निनोच्या आणि तुटीच्या पावसाच्या वर्षांचा ठसा त्या वर्तुळांत दिसतो. जावा बेटावर तर बर्लाखे यांनी १५१४ पासूनची सागाची मालिका १९३१ मध्येच प्रसिद्ध केली होती.

१२/
पाचशे वर्षे म्हणजे साधारण बहमनी सत्तेच्या अखेरीपर्यंतचा प्रवास. सातवाहनांचे तगर त्याच्याही दीड हजार वर्षे मागे राहते. तिथपर्यंत पोहोचायला साखळीचे मधले दुवे हवेत, आणि उष्ण-दमट हवा, वाळवी, आग व पुनर्वापर यांनी ते दुवे खाऊन टाकले आहेत. एका वाड्याची तुळई दुसऱ्या वाड्यात जाते, तिथून गोठ्यात, तिथून चुलीत. युरोपात दलदलीत आणि नदीगाळात पडून राहिलेल्या ओक आणि पाइनच्या खोडांनी बारा हजारांहून अधिक वर्षांची अखंड मालिका दिली. आपल्याकडची हवा इतकी दयाळू नव्हती.

१३/
तरीही एक विलक्षण अपवाद डोक्यावर उभा आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत, आणि त्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मूळ कमानी मानल्या जातात. कार्ले-भाजे परिसरातील अशा लाकडाची कार्बन-पद्धतीने तपासणी झालेली आहे. मात्र इथे एक सावधगिरी हवी. कार्बन सांगतो ते लाकूड वाढले केव्हा, हे. लेणे कोरले केव्हा, हे नव्हे. दोनशे वर्षांच्या सागाचा गाभा तपासला तर तारीख लेण्याहून दोनशे वर्षे जुनी येऊ शकते. तुळईच्या सालीलगतचे शेवटचे वर्तुळ म्हणूनच अनमोल असते. झाड तोडल्याचे वर्ष तिथेच असते.

१४/
कार्बन-पद्धतीचा उल्लेख आला, तर तिचे झाडांवरचे ऋणही सांगायला हवे. विलार्ड लिबी यांनी १९४९ मध्ये ही पद्धत सिद्ध केली. १९६० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. सजीव मेल्यावर त्यातील कार्बन-१४ ठरावीक गतीने घटतो. ५,७३० वर्षांत तो निम्मा उरतो. पण वातावरणातले त्याचे प्रमाण सर्व काळ सारखे नव्हते. मग हिशेबातली चूक कशी सुधारायची? ज्याचे वर्ष मोजून ठाऊक आहे अशा वर्तुळातला कार्बन तपासून. तीन हजार वर्षांपूर्वीच्या नमुन्यात या दुरुस्तीने सुमारे दोनशे वर्षांचा फरक पडतो.

१५/
याचा अर्थ मराठी वाचकाने नीट ध्यानात घ्यावा. पुणे जिल्ह्यातील इनामगावला ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन केले. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या जळक्या धान्याला आणि कोळशाला आज जी सुधारित तारीख दिली जाते, ती जर्मनीतील ओक आणि कॅलिफोर्नियातील पाइन यांच्या वर्तुळांवर पारखून घेतलेली असते. घोड नदीकाठचा दाणा आणि परदेशातले खोड यांनी एकाच काळी एकाच आकाशातला श्वास घेतला होता. हे त्यामुळेच शक्य होते.

१६/
आकाशाने कधी कधी स्वतःच शिक्का मारला आहे. जपानच्या फुसा मियाके यांनी २०१२ मध्ये दाखवले की इ.स. ७७४–७७५ च्या वर्तुळात कार्बन-१४ एकाएकी उसळलेला आहे. असाच दुसरा शिक्का ९९३ चा. ही खूण जगभरच्या झाडांत एकाच वर्षी उमटली. कॅनडातील न्यूफाउंडलंड येथे व्हायकिंगांनी तोडलेल्या लाकडात ९९३ ची खूण सापडली. तिथून सालीपर्यंत वर्तुळे मोजली आणि उत्तर आले १०२१. दशक नव्हे, शतक नव्हे. एक नेमके वर्ष. ७७५ च्या सुमारास आपल्याकडे वेरूळच्या कैलासाशी नाव जोडले गेलेल्या राष्ट्रकूट कृष्णराजाची कारकीर्द संपत होती. त्या वेळचा एखादा सागाचा तुकडा कुठे टिकला असेल, तर तो शिक्का त्याच्याही आत असेल.

१७/
दुसरा साक्षीदार गुहा. छतावरून ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना थरावर थर साचतो. पाण्यासोबत थोडे युरेनियम येते, पण थोरियम जवळपास येत नाही. पुढे युरेनियमपासून थोरियम तयार होत जाते. दोहोंचे प्रमाण मोजले की थराचे वय मिळते. त्याच थरातल्या ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंचे प्रमाण पावसाचे मान सांगते: पाऊस जोरदार असला तर हलका ऑक्सिजन अधिक. लाकडाला वाळवी लागते. गुहेतल्या दगडाला ती भीती नाही.

१८/
छत्तीसगडमधील दंडक गुहेतून आशिष सिन्हा आणि सहकाऱ्यांनी इ.स. ६०० ते १५०० या नऊशे वर्षांच्या पावसाची अशी नोंद २००७ मध्ये मांडली. चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या पूर्वार्धात मोसमी पाऊस वारंवार क्षीण झाल्याचे तीत दिसते. महाराष्ट्राच्या स्मृतीत हाच काळ दुर्गादेवीच्या दुष्काळाचा आहे. १३९६ पासून बारा वर्षे दुष्काळ, गावेच्या गावे ओस, असे परंपरा सांगते. बारा हा आकडा आपल्याकडे पुष्कळदा केवळ ‘फार’ या अर्थाने येतो. म्हणून या कथेकडे अतिशयोक्ती म्हणून पाहणे सोपे होते. गुहेतल्या चुन्याने मात्र परंपरेच्या बाजूने साक्ष दिली.

१९/
तिसरा साक्षीदार तळ्याचा गाळ. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या तळाशी सुमारे अकरा हजार वर्षांचा गाळ थरांनी साठला आहे. सुश्मा प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाणी आटून अतिखारट झाले की गेलुसाइट नावाचे खनिज तयार होते. ते ज्या थरांत सापडले ते थर प्रदीर्घ अवर्षणाचे. असे दोन मोठे कालखंड दिसले. एक आजपासून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा; दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा.

२०/
चौथा साक्षीदार तर येडशीच्या परिसरातूनच निघतो. या भागातली माती तेरणेतून मांजरेत, मांजरेतून गोदावरीत आणि तिथून बंगालच्या उपसागरात जाते. गोदावरीच्या मुखासमोरच्या समुद्रतळातून काढलेल्या गाळात झाडांच्या पानांवरील मेणाचे अंश जपले गेले आहेत. त्यावरून खोऱ्यात कोणत्या प्रकारच्या वनस्पती होत्या, हे कळते. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून सतराशे वर्षांपूर्वीपर्यंत कोरड्या हवेत तग धरणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मराठवाड्याच्या कोरडेपणाची जुनी नोंद अशी समुद्राच्या तळाशी पोहोचली आहे.

२१/
इथे मोह आवरणे कठीण जाते. तगराची भरभराट इसवी सनाच्या पहिल्या शतकांतली, त्यानंतर उतरण, लोणारचा दुसरा कोरडा कालखंडही दोन हजार वर्षांपूर्वी सुरू होणारा. झाले, दुष्काळाने नगर बुडवले! पण दोन गोष्टी एका काळी घडल्या, म्हणजे एकीने दुसरी घडवली असे होत नाही. रोमशी चालणारा व्यापार घटला, व्यापारी मार्ग बदलले, सत्ता बदलल्या, ही कारणेही त्याच काळातली. निसर्गाची नोंद तारीख देते. कार्यकारणाची जबाबदारी इतिहासकारावरच राहते.

२२/
शिवाय ही घड्याळे एकमेकांशी भांडतातही. लोणारचे विवर केव्हा झाले? तापदीप्ती-पद्धतीने उत्तर आले सुमारे ५२ हजार वर्षे. आर्गॉन-पद्धतीने २०११ मध्ये उत्तर आले सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. दहापटीहून अधिक फरक! शास्त्राला हे नामुष्कीचे वाटत नाही. कोणते घड्याळ कशाने बिघडू शकते हे तपासूनच पुढे जाता येते. ‘विज्ञानाने सिद्ध झाले आहे’ असे वाक्य दिसले की तरुण वाचकाने पहिला प्रश्न हाच विचारावा: कोणत्या घड्याळाने, आणि किती वर्षांच्या फरकाने?

२३/
तापदीप्तीचा विषय निघाला की तेरचे गोरोबाकाका आठवावेत. संत गोरा कुंभार याच गावचे. थापटणे डोक्यावर मारून कोणते मडके भाजले आणि कोणते कच्चे, हे त्यांनी संतमेळ्यात पारखले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तापदीप्ती-पद्धत मडक्याला जवळपास हाच प्रश्न विचारते. माती भट्टीत भाजली की तिच्या कणांत साठलेली जुनी ऊर्जा पुसली जाते आणि घड्याळ शून्यावर येते. पुढे भोवतालच्या किरणोत्साराने ती पुन्हा साठत जाते. प्रयोगशाळेत तापवल्यावर तो साठा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडतो आणि शेवटची भट्टी केव्हा लागली ते सांगतो. खापरीसारखी वीटही हे घड्याळ बाळगते, आणि तेरचे त्रिविक्रम मंदिर, जे मूळचे चैत्यगृह मानले जाते, ते विटांचेच आहे.

२४/
तेरच्या एका वस्तूला तर थेट ज्वालामुखीची साक्ष मिळाली. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती प्रसिद्ध आहे. तिच्याशी जवळचे नाते सांगणारी मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेई येथे मिळाली. जालना जिल्ह्यातील भोकरदनलाही तशीच घडण आढळली. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेने पाँपेई गाडले. म्हणजे तिथली मूर्ती ७९ च्या आधीची, याबद्दल शंका नाही. एका डोंगराच्या स्फोटाने मराठवाड्यातील हस्तिदंती कारागिरीला काळाची चौकट घालून दिली.

२५/
आता पुन्हा १९९३ च्या पहाटेकडे. किल्लारीनंतर भूशास्त्रज्ञ सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी या भागाच्या जुन्या खुणा तपासल्या. किल्लारीपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेल्या तेरला नदीकाठच्या गाळाच्या दरडीत त्यांना सरळ आडवे असायला हवेत असे थर वाकलेले, मुडपलेले, तुटून सरकलेले दिसले. वस्तीच्या जुन्या अवशेषांसोबत वाचले तेव्हा काळ निघाला साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचा, इसवी सनाचे चौथे-पाचवे शतक. निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला: या भूमीने पूर्वीही मोठा धक्का सोसला होता.

२६/
ज्या गोष्टीसाठी कागद नव्हता, ती तेरणेने दरडीत लिहून ठेवली होती. पण ती वाचली गेली दहा हजार माणसे गेल्यानंतर. ती आधी वाचली असती तर भूकंप टळला नसता. भूकंप कोणालाच टाळता येत नाही. पण ‘इथे हे होत नाही’ असे म्हणण्याचे धाडस कोणी केले नसते. घरे कशी बांधावीत, याचा विचार वेगळा झाला असता. २००२ मध्ये सुधारलेल्या नकाशात हा परिसर तिसऱ्या विभागात गेला. नकाशा बदलला, तो अनुभवाच्या किमतीवर.

२७/
त्या पहाटे सर्वाधिक बळी घेतले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदांच्या भाराने. माळवदावर पाणी मुरू नये म्हणून वर्षानुवर्षे पांढऱ्या मातीचे थर चढवले जात. ही पांढरी गावोगावच्या जुन्या गावठाणाच्या टेकाडांतून आणली जाई. पुरातत्त्वज्ञ ज्या टेकाडांत प्राचीन वस्ती शोधतो, तीच ही पांढर. म्हणजे पूर्वजांच्या घरांची माती पिढ्यान्पिढ्या वंशजांच्या छपरावर जात राहिली, आणि तिच्यासोबत थरांचा क्रमही विस्कटत गेला. इतिहासाचा पुरावा आणि माणसाच्या डोक्यावरचे ओझे इतक्या जवळ क्वचितच येतात. यात दोष गावकऱ्याचा नाही. छप्पर गळू नये ही त्याची गरज होती. त्या मातीचे दुसरे मोल त्याला कोणी सांगितले नव्हते.

२८/
आणि त्याच घरांत लाकडी खांबांवर, तुळयांवर तोललेले खणही होते. अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या, पण एकमेकांत जखडलेला लाकडी सांगाडा उभा राहिला. त्या तुळयांच्या पोटात त्यांच्या जन्मकाळचा पाऊस वर्तुळांनी लिहिलेला असतो. मराठवाड्यातील वाडे आज वेगाने उतरत आहेत. तुळया मोडीत निघतात, करवतीखाली जातात, सरपण होतात. दरडी वाळूसाठी आणि विटांसाठी कापल्या जातात. डग्लस यांना दोन मालिकांमधला दुवा एका जळक्या ओंडक्यात मिळाला. आपला दुवा कदाचित याच वर्षी एखाद्या चुलीत जाईल.

२९/
इतिहासाची आवड असलेल्या तरुणांना करण्यासारखे काम इथेच आहे, आणि त्याला पदवी लागत नाही. वाडा उतरताना दिसला तर तुळई कोणत्या घराची, कुठल्या खणातली, तिला साल शिल्लक आहे का, एवढे टिपावे, छायाचित्र घ्यावे, जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा पुरातत्त्व विभागाच्या नजरेस आणावे. लाकूड स्वतः कापू नये, टेकाड स्वतः खणू नये. जागेवरून हललेला पुरावा अर्धा मुका होतो. नदीची दरड कोसळून नवा छेद उघडा पडला, तर थरांचे चित्र तारखेसह जपावे. उद्याच्या अभ्यासकाला हीच नोंद कामी येईल.

३०/
येडशीच्या रानात आजही पाऊस सुरू झाला की पाणी उताराला लागते आणि तेरणेच्या काठावर, पुढे गोदेच्या मुखाशी, गाळाचा एक पातळ थर चढतो. यंदा पाऊस किती झाला, रान किती उरले, हे त्यात लिहिले जात आहे. ही बखर कोणाच्या आश्रयाने लिहिली जात नाही, म्हणून ती कोणाची स्तुती करत नाही. तिची भाषा मात्र आपण शिकावी लागते. ती वेळेवर शिकली नाही तर काय होते, हे किल्लारीच्या परिसरातील बावन्न-त्रेपन्नच्या पुढची पिढी कोणताही ग्रंथ न उघडता सांगू शकेल. (समाप्त)